कृष्णाकाठची सावकाश पावले

दिवाळी आटोपली, पाऊस पुरता ओसरला आणि सकाळच्या हवेत गारवा उतरला, की घरातल्या ज्येष्ठांना एकदा कुठेतरी बाहेर जाऊन यावेसे वाटू लागते. त्याच सुमारास त्यांची काळजी वाहणाऱ्या मुला-सुनांच्या मनात 'नको ती जोखीम' असा विचार येतो. दोघांचेही चुकत नाही. सत्तरी ओलांडलेल्या माणसाचे पडणे ही हसण्यावारी नेण्याजोगी गोष्ट नव्हे. परंतु पडण्याच्या धास्तीने चार भिंतींत बसून राहणे हीदेखील सुरक्षितता नव्हे. वापर थांबला की मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे स्नायू झपाट्याने झिजतात, तोल सावरण्याची सवय मोडते, आणि ज्या पडण्याला आपण भीत होतो ते अधिक जवळ येते. म्हणून या पंधरवड्यात आपण 'जावे की न जावे' हा वाद बाजूला ठेवू आणि 'कसे जावे' याचा विचार करू. उदाहरणासाठी वाई परिसराचा कृष्णाकाठ घेतला आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने पासष्टीपुढील व्यक्तींनाही आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सुचवली आहे आणि त्यासोबत आठवड्यातून तीन दिवस तरी तोल व ताकद यांचा सराव व्हावा असे म्हटले आहे. यातला पहिला भाग आपण इमारतीच्या आवारात फेऱ्या मारून पुरा करतो. दुसरा भाग मात्र राहून जातो, कारण गुळगुळीत फरशीवर घोट्याला काही कामच उरत नाही. मातीची पायवाट, किंचित उतार, पायरीची कमी-अधिक उंची यांच्याशी जुळवून घेताना शरीर जे शिकते, ते फरशीवर शिकत नाही. नदीकाठचे आणि झाडाखालचे चालणे ज्येष्ठांसाठी मोलाचे आहे ते यासाठी. हवा शुद्ध असते, मन प्रसन्न होते, हे तर आहेच.

पुण्याहून वाई सुमारे नव्वद किलोमीटर. मोटारीने दोन-अडीच तास. एवढा वेळ गुडघे मुडपून बसल्यावर गाडीतून उतरताच चालू लागणे बरे नव्हे. वाटेत एकदा तरी थांबून पाच मिनिटे उभे राहावे, आणि पोहोचल्यावर प्रथम खुर्चीत बसून घोटे फिरवावेत, दोन-तीन वेळा उठबस करावी. शक्य असेल तर मुक्कामानेच जावे. सकाळी निघून संध्याकाळी परतण्याच्या घाईत ज्येष्ठांचा निम्मा दिवस प्रवासात जातो, आणि थकलेली पावलेच अडखळतात.

वाईचे मोठेपण पुष्कळांना ठाऊक असते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांचे हे गाव, मराठी विश्वकोशाचे कामही येथूनच चालले. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की येथे नदी गावाच्या अगदी लगत आहे आणि काठाकाठाने घाट बांधलेले आहेत. गणपती आळीच्या घाटावर ढोल्या गणपतीचे देऊळ आहे. रास्ते घराण्यातील गणपतराव भिकाजी यांनी ते १७६२ मध्ये बांधले. देवळात जाऊन दर्शन सारे घेतात. पण मागच्या बाजूला नदीकडे तोंड करून उभे राहिल्यास एक गोष्ट दिसते. देवळाची मागची भिंत माशाच्या आकारासारखी निमुळती केलेली आहे, जेणेकरून पुराचे पाणी दुभंगून दोहो बाजूंनी निघून जावे. अडीचशेहून अधिक वर्षे नदीच्या तडाख्यात देऊळ उभे आहे, ते या शहाणपणामुळे. ही भिंत पाहायला एकही पायरी उतरावी लागत नाही, हेही येथे नमूद करावेसे वाटते.

कारण घाटावर खरा प्रश्न पायऱ्यांचाच आहे. डोंगर चढताना माणूस ताजा असतो आणि थकवा जाणवला की मागे फिरतो. घाटावर उलट घडते. उतरणे आधी असते, ते सोपे वाटते, आणि चढण येते ती पाय थकल्यावर. शिवाय उतरताना गुडघ्यावर भार अधिक पडतो. बऱ्याच ठिकाणी धरायला कठडा नसतो. पायऱ्यांच्या कडा शतकानुशतकांच्या वापराने गोलसर झालेल्या असतात, आणि पाण्यालगतच्या पायऱ्यांवर पावसाळ्यानंतर कितीतरी आठवडे शेवाळ टिकते. ते वाळले की काळपट दिसते, दगडासारखेच. ओले झाले की पुन्हा निसरडे. म्हणून घाटावर गेल्यावर वरच्या दोन-तीन पायऱ्यांशीच बैठक मारावी. नदी तिथूनही पूर्ण दिसते.

पण येथे एक अडचण हमखास उभी राहते. आईला किंवा आजोबांना कृष्णेच्या पाण्याला हात लावायचा असतो. ज्यांच्या आयुष्यात नदी म्हणजे आधी नमस्कार आणि मग दृश्य, त्यांना 'लांबूनच पाहा' असे सांगणे कठोर वाटते, आणि ते मानतीलच असेही नाही. आपली नजर वळताच त्या चार पायऱ्या उतरलेल्या असतात. अशा वेळी मनाई करण्यापेक्षा आधीच बोलून ठेवणे श्रेयस्कर. घरून एक लहान तांब्या बरोबर न्यावा. तरुण माणसाने खाली जाऊन तो भरून आणावा आणि वर बसलेल्या ज्येष्ठांच्या हाती द्यावा. त्यांनी हात बुडवावा, डोळ्यांना लावावा, सोबत आणलेले फूल वाहावे. पिऊ मात्र नये. इतके केले की बहुतेक ज्येष्ठ समाधानाने बसतात. आपण आपला मान ठेवला गेला आहे हे त्यांना कळते.

ज्यांना खरोखर उतरता येते, त्यांनीही रीत सांभाळावी. गुडघा किंवा खुबा एका बाजूचा दुखत असेल तर चढताना चांगला पाय आधी टाकावा, उतरताना दुखरा पाय आधी. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची असते. पुष्कळजण ती त्याच बाजूला धरतात आणि मग काठी असून उपयोग होत नाही. काठीची उंची हात सैल सोडला असता मनगटाच्या घडीपर्यंत यावी आणि तळाचे रबर झिजलेले नसावे. ते चपलेच्या दुकानातही मिळते, औषधांच्या दुकानातही. निघण्यापूर्वी उलटे करून पाहावे. सोबत्याने ज्येष्ठांचा दंड पकडून ओढू नये. आपले कोपर त्यांना धरू द्यावे. उतरताना सोबत्याने एक पायरी खाली, चढताना एक पायरी मागे राहावे.

चष्म्याकडेही लक्ष असू द्या. वर दूरचे आणि खाली जवळचे दिसणाऱ्या चष्म्यातून पायरीकडे पाहिले, तर नजर खालच्या भागातून जाते आणि पायरीची कड धूसर दिसते. ज्यांना केवळ दूरचा असा दुसरा चष्मा करून घेणे परवडते, त्यांनी बाहेर चालण्यासाठी तो अवश्य करावा. नाही तर पायरीपाशी हनुवटी खाली घेऊन, भिंगाच्या वरच्या भागातून पाहण्याची सवय लावावी.

वाईपासून सुमारे तीन किलोमीटरवर मेणवली आहे. नाना फडणवीसांचा वाडा आणि त्यामागचा चंद्रकोरीसारखा वळणदार घाट यांसाठी हे गाव प्रसिद्ध आहे. 'स्वदेस' चित्रपट पाहिलेल्यांना ते ओळखीचे वाटेल, कारण त्याचे बरेचसे चित्रीकरण येथे झाले. वाई ते मेणवली हा रस्ता पायी चालण्याचा आग्रह धरू नये. रिक्षाने किंवा मोटारीने गावात उतरावे आणि वाड्याच्या बाजूने घाटापर्यंत सावकाश जावे. एवढे चालणे पुरेसे आहे. घाटावर मेणेश्वराचे देऊळ आहे आणि जवळच्या लहानशा मंडपात एक प्रचंड घंटा टांगलेली आहे. १७३९ च्या वसईच्या मोहिमेनंतर ती येथपर्यंत आली. घंटेवर मेरी आणि बाल येशू यांची आकृती असून १७०७ हे साल कोरलेले आहे. शंकराच्या देवळाशेजारी पोर्तुगीजांची घंटा, आणि गावाला त्यात काही विशेष वाटत नाही, हे मला मोठे लोभस वाटते.

मेणवलीचा घाट सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान उत्तम. त्याआधी थंडीत दगड गार आणि दवाने ओला असतो. शिवाय दम्याच्या व हृदयविकाराच्या रुग्णांनी ऐन थंडीत पहाटे चालणे टाळावेच. त्यानंतर दगड तापू लागतो, आणि येथे मधुमेहींसाठी एक धोका आहे ज्याकडे फार कमी लोकांचे लक्ष जाते. देवळापाशी आपण पादत्राणे काढतो. मधुमेहाने ज्यांच्या तळपायाची संवेदना कमी झाली आहे, त्यांना काळ्या दगडाचा चटका जाणवत नाही. थंडीच्या दिवसांतही भर दुपारी उन्हातला काळा दगड चांगलाच तापतो, मार्चनंतर तर विचारायलाच नको. जाणवत नाही म्हणून ते निवांत उभे राहतात आणि रात्री तळव्यावर फोड दिसतो. असा फोड चिघळला तर महिनोन् महिने पुरतो. जाड सुती मोजे घालावेत हे खरे, पण गुळगुळीत दगडावर मोजे घसरतात, हेही तितकेच खरे. तेव्हा उपाय एकच: अनवाणी चालणे सकाळच्या वेळीच, सावलीतून आणि मोजक्या पावलांचे. पादत्राणे काढताना-घालताना एका पायावर उभे राहू नये. घडीचे छोटे स्टूल गाडीत असावे. मागे पट्टा असलेली, चिकटपट्टीने बंद होणारी चप्पल किंवा बूट या कामी सर्वांत सोयीचे.

देवासमोर वाकून नमस्कार केल्यावर झटकन उठणेही टाळावे. वयपरत्वे आणि रक्तदाबाच्या काही औषधांमुळे उभे राहताक्षणी रक्तदाब उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. भरपेट जेवणानंतरही असे होते. म्हणून जेवून लगेच चालू नये, आणि उठताना आधी बसावे, दहापर्यंत अंक मोजावेत, मग आधार धरून उभे राहावे.

आता ज्या विषयावर ज्येष्ठ बोलत नाहीत तो घेऊ. सहलीला निघायचे ठरले, की पुष्कळ वृद्ध, विशेषतः स्त्रिया, आदल्या संध्याकाळपासून पाणी कमी करतात. वाटेत स्वच्छतागृह मिळेल की नाही, मुलाला गाडी थांबवायला कसे सांगावे, हा संकोच त्यामागे असतो. काहीजण त्या दिवशी लघवी होण्याची गोळी परस्पर बंद ठेवतात. परिणाम असा, की कोरड्या शरीराने, उतरलेल्या किंवा चढलेल्या रक्तदाबाने त्या उन्हात उभ्या असतात, आणि घेरी आली की आपण म्हणतो, प्रवास सोसला नाही. प्रवास सोसला असता. तहान सोसली नाही. सोबत जाणाऱ्याने हा विषय स्वतःहून काढावा. निघण्यापूर्वी कोठे कोठे थांबणार हे सांगावे, मुक्कामाच्या ठिकाणी कमोड आहे का ते फोनवर विचारून घ्यावे, घाटावर जाण्याआधी एकदा जाऊन यावे. गोळीची वेळ त्या दिवसापुरती बदलता येईल का, हे आपल्या डॉक्टरांनाच विचारावे. उत्तर अनेकदा 'हो' असते. एखाद्या सुनेने सासूबाईंना हे सारे सहजपणे विचारले, तर काठीपेक्षाही मोठा आधार दिल्यासारखे होते.

धोमकडे जाणारा रस्ता रमणीय आहे. एका बाजूला कृष्णेचे खोरे, शेतांत ऊस आणि हळद, दूरवर पांडवगडाची रेघ. धोमला कासवाच्या पाठीवरचा नंदीमंडप पाहण्यासारखा आहे आणि वरच्या अंगाला धरण. शेतरस्त्याने दहा-पंधरा मिनिटे चालायला हरकत नाही, मात्र उसाच्या गळिताचा हंगाम याच महिन्यांत असतो. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर अरुंद रस्त्यावरून जातात आणि मागची ट्रॉली वळणावर आतल्या बाजूला सरकते. म्हणून रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारे वाहन दिसेल असे चालावे, आणि ट्रॅक्टर दिसला की थांबून कडेला उभे राहावे. ज्यांना कमी ऐकू येते त्यांच्या बाबतीत हे अधिकच जपावे. उसाच्या फडालगत पहाटे किंवा दिवेलागणीला जाऊ नये. पश्चिम महाराष्ट्रातल्या उसात बिबट्याने आसरा घेणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. धरणातून पाणी सोडले जाते तेव्हा खाली पात्रातील पातळी वाढते, हे लक्षात घेऊन कोरड्या दिसणाऱ्या पात्रात उतरणेही टाळावे.

रानातल्या सावलीची ओढ असेल तर पसरणीचा घाट चढून पाचगणी आणि पुढे महाबळेश्वर गाठावे लागते. पाचगणीचे टेबललँड सपाट म्हणून पुष्कळजण ज्येष्ठांना तिथे नेतात. मला ते फारसे पटत नाही. सावली नाही, वारा फार, आणि घोड्यांची वर्दळ. महाबळेश्वरची राने वेगळी. समुद्रसपाटीपासून १३७२ मीटर उंचीवर जांभूळ, हिरडा, गेळा, अंजनी यांची ठेंगणी, एकमेकांत गुंतलेली झाडे, आणि त्यांखालून जाणारे डांबरी रस्ते. ज्येष्ठांसाठी या रानाचे खरे सुख हेच, की पायाखाली सपाट रस्ता आणि डोक्यावर पानांचे छत दोन्ही एकत्र मिळतात. पॉइंटच्या कठड्यापर्यंत जाण्याची गरज नसते. बॉम्बे पॉइंटच्या रस्त्यावर किंवा वेण्णा तलावाजवळच्या झाडीत, जेथे गाडी सहज मागे येऊ शकेल अशा ठिकाणी, अर्धा तास चालावे. रस्त्याच्या कडेला साचलेला पाचोळा मात्र टाळावा. खाली खड्डा आहे की दगड, हे कळत नाही. पहाटे आणि सायंकाळी या रानात गवे रस्त्यावर येतात, तेव्हा उजेड पुरता असतानाच फिरावे. माकडांमुळे हातात खाण्याची पिशवी धरू नये. पसरणीच्या वळणांवर मळमळ होऊ नये म्हणून घेतलेल्या गोळीने गुंगी येते. ती घेतली असेल तर वर पोहोचल्यावर लगेच चालायला निघू नये.

किती चालावे याला सर्वांसाठी एक आकडा नाही. चालता चालता सलग बोलता यावे, ही खूण पुरेशी आहे. वाक्य तुटू लागले की वेग कमी करावा, शब्द तुटू लागले की थांबावे. निघताना एक नियम मनाशी धरावा: जितके अंतर सहज जमेल असे वाटते, त्याच्या एक तृतीयांशावर मागे फिरायचे. उत्साहात माणूस पुढे जातो आणि परतीचे अंतर विसरतो. छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, कारण नसता आलेला घाम, यांतले काहीही जाणवले तर 'जरा बसलो की बरे वाटेल' असे म्हणत वेळ दवडू नये. जागीच बसवावे, डॉक्टरांनी पूर्वी जिभेखाली ठेवण्याची गोळी दिलेली असेल तर ती द्यावी आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. अलीकडे हृदयविकाराचा झटका आलेल्यांनी, नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी आणि गेल्या काही महिन्यांत विनाकारण पडलेल्यांनी आधी डॉक्टरांना दाखवावे, मगच बेत आखावा.

बेत ठरल्यापासून पाच-सहा आठवडे हाती असतील तर घरीच तयारी करता येते. हात न टेकता खुर्चीतून उठणे आणि सावकाश बसणे, पाच वेळा, दिवसातून दोनदा. स्वयंपाकाच्या ओट्याला धरून टाचा उचलणे. मग एका पायावर दहा सेकंद. दाराशी असलेली एकच पायरी, सोबत कोणी असताना, चढणे-उतरणे. पूर्वी एकदा पडलेल्या माणसाला पाय अधू झाल्यापेक्षा धीर खचल्याचा त्रास अधिक असतो, आणि तो धीर घाटावर पोहोचल्यावर एकाएकी येत नाही. घरातल्या पायरीवर रोज थोडाथोडा येतो.

स्मृतिभ्रंश झालेल्यांना नदीकाठ मानवतो, असा अनेक घरांचा अनुभव आहे. पाण्याचा आवाज, देवळातली घंटा, ओळखीच्या गोष्टींनी ते शांत होतात. मात्र गर्दीचे दिवस टाळावेत. थंडीच्या अखेरीस वाईच्या घाटाघाटांवर कृष्णाबाईचा उत्सव भरतो. तो सुंदर असतो, पण अशा रुग्णांसाठी नव्हे. त्यांच्या खिशात नाव आणि दोन फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी, निघण्यापूर्वी त्या दिवशीच्या कपड्यांत त्यांचे छायाचित्र काढून ठेवावे, आणि पाण्याजवळ एका माणसाने केवळ त्यांच्याकडेच पाहावे. मोबाइलवर बोलणारा सोबती हा सोबती धरू नये.

संध्याकाळी मुक्कामावर परतल्यावर मधुमेहींचे तळवे, टाचा आणि बोटांमधल्या बेचक्या उजेडात नीट पाहाव्यात. स्वतःला वाकून दिसत नसेल तर आरसा खाली धरावा किंवा दुसऱ्याने पाहावे. काटा, खरचटणे, लालसर चट्टा दिसल्यास स्वच्छ धुऊन, कोरडे करून झाकावे आणि दुसऱ्या दिवशी त्या पायाला विश्रांती द्यावी. पाय शेकण्यासाठी बादलीत गरम पाणी घेण्याचा मोह होईल; संवेदना कमी असलेल्यांनी तो टाळावा. कोमट पाण्याने पाय धुवायचे असतील, तर पाण्यात आधी सोबत्याने आपले कोपर बुडवून पाहावे.